घुंगरू आणि स्टेथोस्कोप

भिलाईचे नाव निघाले की डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो पोलादाचा कारखाना. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग शहराच्या शेजारी, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांचे एक नवे नगर वसले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली. नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडशी जुळलेले मराठी माणसाचे नाते या कारखान्याने पुन्हा एकदा दृढ केले, असे म्हणावयास हरकत नाही.

या नगराला पुढे आणखी एक ओळख लाभली. कारखान्याच्या शाळांतून शिकलेली मुले मोठ्या संख्येने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत चमकू लागली आणि त्यांच्यामागून शिकवणीवर्गांचे एक विश्वच उभे राहिले. सिव्हिक सेंटरपासून नेहरूनगरपर्यंत आज दृष्टी टाकावी तिकडे यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे फलक दिसतात. बारावीनंतर एखादे वर्ष केवळ तयारीसाठी राखून ठेवणे येथील घरांना मुळीच नवलाचे वाटत नाही. परगावची मुलेही त्यासाठी येथे खोल्या घेऊन राहतात.

तिसरी ओळख मात्र बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. पंडवानी गायिका पद्मविभूषण तीजनबाई या याच परिसरातील गनियारी गावच्या. भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरीत सामावून घेतले होते. हाती तंबोरा घेऊन महाभारतातील प्रसंग उभे राहून सादर करणारी ही कलावती आणि पोलाद ओतणारा हा कारखाना एकाच वेतनपटावर होते, ही गोष्ट सांगितल्याशिवाय कोणाला सुचणार नाही. दुर्गजवळील बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ हा लोककलांचा भव्य मंचाविष्कार उभा केला, तोही याच मातीत. आणि येथून रस्त्याने दीड-दोन तासांच्या अंतरावर खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. खैरागढच्या राजघराण्याने आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी केवळ संगीत आणि ललित कलांना वाहिलेले हे विद्यापीठ सुरू झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे शिष्य आणि मराठी संगीतविश्वातील थोर पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याच्या आरंभीच्या वर्षांत कुलगुरूपद भूषविले. भातखंडे पद्धतीची मुळे छत्तीसगडात घट्ट रुजली, याचे बरेच श्रेय त्या काळाला द्यावे लागते.

साहजिकच भिलाईत असे एक घर सहज सापडावे, जेथे थोरल्या मुलीने कथ्थक किंवा गायन हा विषय घेऊन पदवीचा अभ्यास केला आहे आणि धाकटा भाऊ जीवशास्त्राची पुस्तके पाठ करीत बसला आहे. कला आणि वैद्यक यांची गाठ पडते ती अशाच घरात, आणि तेथेच कधीतरी तो प्रश्नही उमटतो. संगीत, नृत्य किंवा नाट्य या विषयात पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे डॉक्टर होता येते काय?

दार कोठे बंद होते

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे आणि भारतात ते ‘होय, परंतु’ असे आहे. या ‘परंतु’मध्येच सारे आले.

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर सुरू होते आणि त्याचे दार दहावीनंतरच्या विषयनिवडीत उघडते किंवा मिटते. एमबीबीएसला प्रवेश घेण्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी या विषयांसह बारावी उत्तीर्ण असावे लागते. तिन्ही विज्ञान विषयांत मिळून खुल्या वर्गासाठी किमान ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० टक्के गुण आवश्यक असतात. त्यानंतर ‘नीट’ ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा. कला शाखेतून बारावी होऊन ज्याने ‘बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्‌स’ ही पदवी मिळविली, त्याच्या पदवीला या हिशेबात काहीही मोल नाही. ती पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविलेली असो वा सुवर्णपदकासह, प्रवेशाच्या अर्जात तिला रकाना नाही.

पूर्वी हे दार अधिकच घट्ट मिटलेले होते. १९९७ च्या नियमावलीनुसार अकरावी आणि बारावी ही दोन्ही वर्षे विज्ञानाचे विषय नियमित विद्यार्थी म्हणून, प्रात्यक्षिकांसह शिकलेले असणे आवश्यक मानले जाई. एखाद्याने मागाहून जीवशास्त्राची परीक्षा स्वतंत्रपणे दिली तरी तो अपात्र ठरे. त्यात २०१७ मध्ये परीक्षेस बसण्यासाठी कमाल वयाची अट आली, खुल्या वर्गासाठी २५ आणि राखीव वर्गासाठी ३० वर्षे. पदवी घेऊन मग मन बदललेल्या विद्यार्थ्याला एकीकडे विषयांनी आणि दुसरीकडे वयाने अडविले होते.

अलीकडच्या दोन निर्णयांनी हे चित्र पालटले. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कमाल वयाची मर्यादा काढून टाकल्याचे कळविले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून स्पष्ट केले, की बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही ‘नीट’ला बसू शकतील. वृत्तपत्रांनी या सूचनेकडे बहुतांशी गणित शाखेच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पाहिले, कारण त्यांना एकट्या जीवशास्त्राचीच उणीव असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला तीन विषयांची वाटचाल करावयाची असते. तरीही वाट खुली झाली, हे खरेच. मुक्त विद्यालयांतून दिलेल्या परीक्षांबाबत मात्र न्यायालयीन वाद झालेले असल्याने, ज्या वर्षी परीक्षा द्यावयाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्यावाचून कोणत्याही मंडळाकडे शुल्क भरू नये.

वाट खुली आहे याचा अर्थ ती सोपी आहे असा नाही. २०२४ मध्ये ‘नीट’ देणाऱ्यांची संख्या २३ लाखांहून अधिक होती आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा १ लाखाच्या थोड्याच पुढे. परीक्षेत मुलाखत नाही, निबंध नाही, कलागुणांसाठी वेगळे गुण नाहीत. ७२० पैकी किती, एवढाच प्रश्न. ती मराठीसह १३ भाषांत देता येते, एवढी एक सोय आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षी नव्याने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडणाऱ्या नर्तकीला, सहावीपासून पाया पक्का करीत आलेल्या सतरा वर्षांच्या मुलांबरोबर त्याच रांगेत उभे राहावे लागते. तीन विषय उत्तीर्ण होणे आणि ‘नीट’ची तयारी यांत मिळून दोन ते तीन वर्षे सहज जातात.

हा नियम कठोर आहे, पण अन्यायाचा आहे असे म्हणता येत नाही. रुग्णाच्या नसेत जाणारे औषध किती आणि का, हे ठरविताना रसिकता उपयोगी पडत नाही. विज्ञानाच्या पायाची मागणी करणारा नियम रुग्णाचे रक्षण करतो. खेद वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. या नियमाचा आधार घेऊन नववीत असतानाच मुलांचा तंबोरा माळ्यावर टाकला जातो, त्याची गरज बहुतेक वेळा नसते.

नागपूरचे मेडिकल स्कूल, रायपूरचे नाटक

रंगभूमी आणि वैद्यक यांची सांगड छत्तीसगडाला नवी नाही. रायपूरजवळील पथरी गावी १९०० साली जन्मलेले डॉ. खूबचंद बघेल यांनी वैद्यकाचे शिक्षण नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये घेतले. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने त्यांचे शिक्षण मध्ये खंडित झाले, तरी पुढे ते पूर्ण करून त्यांनी रुग्णसेवा केली. ते चळवळीत होते, आमदार होते, राज्यसभेचे सदस्य झाले, आणि छत्तीसगडच्या स्वतंत्र राज्याच्या कल्पनेचे आद्य पुरस्कर्ते म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. याच माणसाने छत्तीसगढी बोलीत नाटके लिहिली. अस्पृश्यतेवर आघात करणारे त्यांचे ‘ऊँच नीच’ हे नाटक रंगमंचावर आले, ते सामाजिक प्रबोधनाचे साधन म्हणून. रोगाचे कारण शरीरापलीकडे, गावाच्या रचनेतही असते, हे त्यांना दवाखान्यात बसून कळले असावे, असे मानावयास जागा आहे.

दुर्गमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेले हास्यकवी डॉ. सुरेंद्र दुबे हेही व्यवसायाने आयुर्वेदाचे वैद्य होते. कविसंमेलनाचा मंच गाजविणाऱ्या या कवीला २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकांच्या मनात एव्हाना पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे नाव आलेच असेल. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात व्यवसाय करून, परदेशी उच्च शिक्षण घेऊन, टांझानियात काही काळ काम करून त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, पूर्णवेळ नाटक करण्याचा निर्णय घेतला. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले आणि पुढचा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. दौंडला पत्नीसह दवाखाना चालवीत असतानाच त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शन केले आणि ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ असे चित्रपट दिले. त्या ‘घाशीराम’मधील नाना फडणवीस म्हणजे डॉ. मोहन आगाशे, मनोविकारतज्ज्ञ.

या तिघांची नावे घेतली की एक गोष्ट मात्र नजरेतून निसटते. ते कलेकडून वैद्यकाकडे आलेले नव्हते. त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला तो विज्ञानाच्या गुणांवर, आणि तालमी केल्या त्या व्याख्याने आणि रुग्णविभाग यांतून उरलेल्या वेळात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनसारखी संस्था आणि पुण्याचा नाटकवेडा प्रेक्षक यांनी त्यांचे दुसरे शिक्षण केले. आपल्या देशात कला आणि वैद्यक एकत्र नांदले ते बहुधा असेच: पदवी वैद्यकाची, साधना कलेची. उलट दिशेने, म्हणजे कलेची पदवी घेऊन वैद्यकाकडे, जाणारी पायवाट आपल्याकडे जवळजवळ मळलेलीच नाही.

डॉ. आगाशे यांचे उदाहरण या संदर्भात अधिक विचार करण्यासारखे आहे, कारण त्यांनी दोन्ही क्षेत्रे वेगळ्या कप्प्यांत ठेवली नाहीत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील आपद्‌ग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नावर त्यांनी काम केले. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या स्मृतिभ्रंशावरील चित्रपटात त्यांनी भूमिका केली, आणि नैराश्याचा विषय हाताळणाऱ्या ‘कासव’ या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मनोरुग्णाच्या घरच्यांना जे तासभर बोलून समजावता येत नाही, ते पडद्यावरील एक प्रसंग समजावून जातो, हे त्यामागील सूत्र.

कान तयार असणे

कलेच्या शिक्षणाचा डॉक्टरला उपयोग काय, असे विचारणारा मनुष्य चुकीचा प्रश्न विचारीत नाही. त्याचे सर्वांत जुने उत्तर ऑस्ट्रियातून मिळते. लेओपोल्ड औएनब्रुगर हा ग्राझ येथील एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात मद्य कोठवर आहे ते पिंपावर टिचकी मारून ओळखण्याची रीत त्याने बालपणी पाहिली, असे सांगतात. छातीवर बोटांनी ठोकून, उमटणाऱ्या नादावरून आत द्रव साठला आहे की हवा आहे हे ओळखण्याची पद्धत त्याने १७६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. हा वैद्य संगीताचा मोठा जाणकार होता. सालिएरी या संगीतकारासाठी त्याने एका संगीतिकेची संहिताही लिहिली. पुढे १८१६ मध्ये स्टेथोस्कोपचा शोध लावणारा फ्रेंच वैद्य लेनेक हा बासरी वाजवीत असे. लाकडाची पोकळ नळी आणि तिच्यातून येणारा ध्वनी यांच्याशी त्याचा हात आधीच सरावलेला होता.

तबल्याची चाट आणि मैदान यांतील फरक ज्याच्या बोटांना आणि कानांना कळतो, त्याला निरोगी फुप्फुसाचा भरदार नाद आणि पाणी भरलेल्या फुप्फुसाचा मुका आवाज यांतील फरक शिकविण्यास बहुधा फार वेळ लागणार नाही. हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये एक क्षीण तिसरा ठोका दडलेला असेल तर लयीची जाण असलेला कान तो लवकर टिपेल, अशी अपेक्षा करता येते. तथापि येथे अतिशयोक्ती टाळलेली बरी. गवई म्हणजे आपोआप चांगला वैद्य, असे कोठेही सिद्ध झालेले नाही, आणि कलावंत स्वभावानेच दयाळू असतात हा तर निव्वळ गोड गैरसमज. रियाजाने मिळते ती एक सवय: तीच गोष्ट शंभर वेळा, शंभराव्या वेळीही लक्ष देऊन करण्याची. रात्रपाळीच्या डॉक्टरला नेमकी हीच सवय लागते.

नटाच्या शिक्षणाचा उपयोग आणखी वेगळा आहे. १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी प्रशिक्षित व्यक्तीला रुग्णाची भूमिका देऊन तिच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. विद्यार्थी प्रश्न विचारतो, ‘रुग्ण’ ठरलेल्या लक्षणांप्रमाणे उत्तरे देतो आणि शेवटी विद्यार्थी कसा बोलला, हेही सांगतो. आज जगभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत ही पद्धत रूढ आहे. आपल्याकडेही २०१९ पासून लागू झालेल्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांसाठी स्वतंत्र पाठ ठेवलेले आहेत. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमधील अध्यापकांनी त्याच्याही आधी, २०११ मध्ये, ‘थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड’ या नाट्यपद्धतीची कार्यशाळा वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी घेतली होती. प्रवेशाच्या वेळी जिला कोणी विचारले नाही, ती कला अशा रीतीने मागच्या दाराने वर्गात आली आहे.

भिलाईसारख्या गावात हा विषय पुस्तकी राहत नाही. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय आणि त्याचा जळीत विभाग या परिसरात सर्वांना परिचित आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये कारखान्यातील गॅसवाहिनीच्या दुर्घटनेत होरपळलेले कामगार याच रुग्णालयात आणले गेले. अशा वेळी दाराबाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाला कोणीतरी जाऊन सांगावे लागते. काय सांगावयाचे ते वैद्यकाच्या पुस्तकात असते. उभे कोठे राहावयाचे, आवाज किती ठेवावयाचा, किती थांबावयाचे आणि समोरचा माणूस खाली बसेपर्यंत पुढचे वाक्य का उच्चारावयाचे नाही, हे ज्याने तालमीत घासून घेतले आहे त्याला ते थोडे अधिक येते.

परदेशातील वाट

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते आणि ती पदवी कोणत्याही विषयातील चालते. न्यू जर्सीतील एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगी नृत्य हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवू शकते आणि त्याच चार वर्षांत जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचे आवश्यक पाठ पूर्ण करून वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्जही करू शकते. ते पाठ राहून गेले तर पदवीनंतर ते पूर्ण करून घेणारे खास वर्ग आहेत. सर्वांना ‘एमकॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. तिच्या चार भागांपैकी एक भाग केवळ मानव्यविद्या आणि समाजशास्त्रे यांतील उताऱ्यांच्या आकलनाचा असतो. त्यापुढे निबंध आणि मुलाखत असते, आणि तेथे रंगमंचावर घालविलेली वर्षे बोलू लागतात. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या आकडेवारीत मानव्यविद्येच्या पदवीधर अर्जदारांची संख्या थोडी असते, पण त्यांच्या प्रवेशाचे प्रमाण जीवशास्त्राच्या पदवीधरांहून कमी नसते. यावरून कलेमुळे प्रवेश मिळतो असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. एवढी वळणे घेऊन अर्ज करणारे मुळातच निवडक आणि जिद्दीचे असतात.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. साहित्य, कला, समाजशास्त्र शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी ‘एमकॅट’शिवाय आणि सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे नेहमीचे पाठ पूर्ण न करता प्रवेश देण्यास आरंभ केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे विद्यार्थी एकंदरीत इतरांच्या बरोबरीने उतरल्याचे दिसले. पहिल्या राष्ट्रीय परीक्षेत त्यांचे गुण किंचित कमी होते, आणि पुढे मनोविकारशास्त्र व प्राथमिक आरोग्यसेवा यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. २०१३ मध्ये महाविद्यालयाने ही योजना आणखी विस्तारली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातही पदवीधरांसाठी चार वर्षांचे वैद्यकीय अभ्यासक्रम असून त्यांतील काहींना कोणत्याही शाखेची पदवी चालते. ‘गॅमसॅट’ ही प्रवेशपरीक्षा त्यासाठीच आहे.

भिलाईहून या वाटेकडे पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेतील कित्येक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्ज स्वीकारीतच नाहीत, आणि जी स्वीकारतात त्यांतील काही संपूर्ण शिक्षणाचा खर्च आगाऊ दाखविण्यास सांगतात.

हिशेबाची वही

विषय खर्चाकडे वळला की भावनेला थोडे बाजूला बसवावे लागते. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता. एकविसाव्या वर्षी कलेची पदवी घेऊन, पुढची दोन-तीन वर्षे विज्ञानाची तयारी करून जो प्रवेश घेईल, तो डॉक्टर होईपर्यंत तिशीच्या उंबरठ्यावर आलेला असेल. विशेषज्ञ व्हावयाचे तर आणखी तीन वर्षे. कारखान्यातील सेवानिवृत्तीचे वय साठ आहे आणि निवृत्तीनंतर सेक्टरमधील निवासस्थानही सोडावे लागते. म्हणजे अनेक घरांत मुलीच्या शिक्षणाचा सर्वांत खर्चाचा काळ आणि वडिलांच्या निवृत्तीचा काळ एकमेकांवर येऊन पडतो. ही गोष्ट प्रवेश मिळाल्यावर लक्षात येण्यापेक्षा आधी कागदावर मांडलेली बरी.

शासकीय महाविद्यालयात शुल्क माफक असते, मात्र पदवीनंतर ग्रामीण भागात सेवेची अट असते. खासगी महाविद्यालयाचे शुल्क बहुतेक घरांना कर्जावाचून पेलत नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत सर्वसाधारणपणे ४ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण व स्वनिधी लागत नाही, साडेसात लाखांच्या पुढे मूर्त तारण मागितले जाते, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होऊन १५ वर्षांपर्यंत चालू शकते. पालक सहकर्जदार असतात. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांचे उत्पन्न काय राहील, हा प्रश्न शाखाधिकारी विचारणारच, आणि त्याने तो विचारावा हे उभयतांच्या हिताचे आहे. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा, म्हणजे शिकवणीवर्गाचा, खर्च या योजनेत साधारणतः बसत नाही. भिलाईत दोन वर्षे खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा तो खर्च घरच्या बचतीतूनच उचलावा लागतो, याची कल्पना पुष्कळांना उशिरा येते.

या सगळ्या वळणांपासून सुटका करणारी एक साधी सोय शालेय पातळीवरच उपलब्ध आहे आणि तिची चौकशी फारच थोडे पालक करतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या विषयसूचीत हिंदुस्थानी संगीत आहे, गायन, स्वरवाद्य आणि तालवाद्य असे तिन्ही पर्याय आहेत, तसेच कथ्थक, भरतनाट्यम यांसारखे नृत्यप्रकारही आहेत. इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या जोडीला पाचवा किंवा अतिरिक्त सहावा विषय म्हणून ते घेता येतात. शाळेत त्या विषयाची शिकविण्याची सोय आहे काय, एवढे विचारावे लागते. ज्या मुलीने असे विषय घेतले, तिने बारावीनंतर खैरागढची वाट धरली तरी वैद्यकाचे दार तिच्यामागे बंद होत नाही. चार वर्षांनी मन बदलले तर तिला भौतिकशास्त्राची पुस्तके नव्याने उघडावी लागतील, परंतु मंडळाच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागणार नाहीत. सरळ ‘नीट’चा अर्ज भरता येईल. अकरावीचा प्रवेशअर्ज भरताना घरात जी दोन-चार दिवस चर्चा चालते, तीत अतिरिक्त विषयाचा तो रकाना बहुधा रिकामाच राहतो, किंवा शाळेत सर्वांनी घेतलेला विषय त्यात लिहिला जातो.